पाच नंबरचं टेबल

"उतरवू नका," ड्रायव्हर खाली उडी मारत म्हणाला. "आधी साहेबांना बोलवा. माल आपलाच हाय. परत आलाय."

आम्ही सातजणी पॅकिंगच्या शेडबाहेर डबे उघडून बसलो होतो. आक्काताई बोंगाळ्यांनी हातातला घास तसाच ठेवला आणि ताडपत्रीच्या फटीतून आत बघितलं.

"आपलाच गं. ती बघ माझी गाठ."

"आक्का, तुम्ही स्वतःची गाठ ओळखता?" दीपालीनं विचारलं. दीपाली हुजरे आमच्यात सगळ्यात नवी, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं.

"अंधारात नवऱ्याची चप्पल ओळखती. गाठ न्हाई ओळखणार?"

हसू आलं, पण ते अर्ध्यात थांबलं. परत आलेल्या ट्रकचा अर्थ आम्हाला कळत होता.

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आमची कंपनी होती. अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा तापवायचा आणि प्रेसवर पोलादी साच्यातून दाबून काढायचा, सोऱ्यातून शेव पडते तसा. साच्याला जसं भोक, तशी लांबलचक पट्टी बाहेर येते. तिला आम्ही सेक्शन म्हणायचो. खिडक्यांचे, शटरचे, शिडीचे, कसले कसले सेक्शन असायचे. त्या वर्षी मोठी ऑर्डर होती ती परदेशातल्या न्हाणीघरांच्या काचेच्या चौकटींची. आमच्यातल्या निम्म्या बायकांच्या मोरीला दार नव्हतं, पडदा होता. त्या चौकटी पुसून, कागद घालून, गठ्ठे बांधायचं काम आमचं. पुढे पुण्यात त्यांना आरशासारखी चकाकी द्यायचे आणि मग त्या बोटीत बसायच्या.

माझा नवरा प्रेसवर होता. तो काविळीनं गेला, तेव्हा मालकांनी मला कामावर घेतलं. प्रेसवर नाही, पॅकिंगला. त्याला सहा वर्षं झाली होती.

आमच्या धंद्यात काही ना काही वाया जातंच. ठोकळ्याचं बूड साच्यातून निघत नाही, ते कापून टाकायचं. एक ठोकळा संपून दुसरा लागतो तिथला जोड कच्चा असतो, तो कापायचा. सेक्शन सरळ व्हावा म्हणून दोन्ही टोकांना धरून ताणतात, तिथे पकडीचे दात उमटतात, ती टोकंही गेली. हे सगळं स्क्रॅप. पण ते परातीत सांडलेल्या पिठासारखं. पॅकिंग होऊन गेलेला माल परत येणं म्हणजे ताटात वाढलेली भाकरी मातीत पडणं. बाहेरच्या माणसाला वाटतं, वितळवला की पुन्हा ठोकळा होतो, यात गेलं काय? वितळताना वर काळी राख धरते, ती धातूचीच असते. आणि आधीचा सगळा जाळ, सगळे हात, ते कुठल्याच ठोकळ्यात परत येत नाहीत.

हे स्क्रॅप कमी करायलाच मालकांनी जमादार साहेबांना आणलं होतं. अल्ताफ जमादार मिरजेचे, तिशीच्या आतले, बोलायला मऊ. आम्हाला ताई आणि मावशी म्हणायचे. आल्या आल्या त्यांनी ठोकळ्याचं बूड किती पातळ ठेवलं तर चालतं ते बघितलं, सेक्शनची लांबी अशी बेतली की कापल्यावर तुकडे कमी उरावेत. प्रेसवरची माणसं त्यांना पाठीमागे स्क्रॅपसाहेब म्हणायची. समोर नुसतं साहेब.

ते आले, त्यांनी गठ्ठे सोडायला लावले. पुण्यात प्रत्येक गठ्ठ्यातून थोडे सेक्शन ओढून त्यांना चकाकी देऊन बघितली होती; ते उन्हात धरले तर आपलं तोंड दिसत होतं. आणि तोंडावरून बारीक ओरखडे गेलेले. एकाशेजारी एक, चार-पाच, मांजरानं पंजा ओढावा तसे. कच्च्या मालावर ते दिसत नव्हते. चकाकी चढली की उठत होते.

"प्रेसवरचे नाहीत हे," जमादार साहेब म्हणाले. "साच्याचा ओरखडा लांबीला जातो. हे आडवे आहेत."

"म्हणजे आमचे," आक्काताई म्हणाल्या.

तेवढ्यात मालक आले. मालक ओरडणारे नव्हते. त्यांनी एक सेक्शन उचलला, डोळ्यासमोर धरला, खाली ठेवला.

"जमादार, ते यंत्रवाले आले होते ना मागे, गुंडाळायचं यंत्र घेऊन?"

"हो सर."

"पुढचा ट्रक दसऱ्यानंतर जातोय. तो परत आला, तर दिवाळीपासून पॅकिंग यंत्रावर." मग आमच्याकडे वळून, अगदी घरच्यासारखं, "बायकांनो, माझा नाइलाज आहे."

ते गेले. आक्काताई म्हणाल्या, "नाइलाज त्यांचा, आनि दवा आमाला."

जमादार साहेब गठ्ठ्यांच्या चिठ्ठ्या बघत होते. प्रत्येक गठ्ठ्याला टेबलाचा नंबर असायचा. एक, दोन, चार, सात, सगळ्यांत ओरखडे. एक ढीग त्यांनी बाजूला काढला, पुन्हा बघितला.

"पाच नंबर कुणाचं?"

"माझं," मी म्हणाले.

"यात एक ओरखडा नाही." ते माझ्याकडे बघून हसले. "तुमचा हात चांगला आहे, शालनताई."

ते वाक्य मी घरी घेऊन गेले. ऋतुजा, माझी मुलगी, तेव्हा पाचवीत होती. तिला सांगितलं, "साहेब म्हणाले, माझा हात चांगला आहे."

"कशाला? स्वयंपाकाला?"

"पॅकिंगला."

"मग बरोबर," ती म्हणाली आणि आमटीत पाणी घातलं.

दुसऱ्या दिवसापासून पाच नंबरच्या टेबलाला किंमत आली. रोज प्रत्येक टेबलावरचा एक सेक्शन शिरोलीला एका कारखान्यात जायचा, तिथून चकाकी चढवून संध्याकाळी परत यायचा. जमादार साहेब तो फळीवर मांडायचे. सहा ओरखडलेले, एक स्वच्छ. रोज.

मग बायका माझी नक्कल करायला लागल्या. मी नखं कापलेली होती, सगळ्यांनी कापली. मी टेबलावर जुनं धोतर अंथरायचे, सगळ्यांच्या टेबलांवर धोतरं आली. आमच्या घरी ते नेसणारं कुणी उरलं नव्हतं म्हणून मी ते आणलं होतं, पण बाकीच्यांनी सासऱ्यांची मागून आणली. अंगठ्यांवर चिकटपट्ट्या लागल्या. सुती हातमोजे आम्हाला कंपनीचेच होते, मनगटापर्यंत येणारे. ते रोज धुऊन यायला लागले. मी सेक्शन उचलताना डावा पाय पुढे टाकते हे मला स्वतःला माहीत नव्हतं. तेही आक्काताईंनी हेरलं.

"हिच्यासारखं उभं ऱ्हायचं, हिच्यासारखं वाकायचं," त्या म्हणाल्या. "आता हिच्यासारखी पानी घातलेली आमटीबी खायची का?"

"ती तर आधी खा," मी म्हणाले. "सगळं तिच्यातच आहे."

एकीनं तर विचारलं, मी हाताला कुठला अंगारा लावते. मी सांगितलं, भांड्याचा साबण. तिला खरं वाटलं नाही.

एवढं सगळं करून संध्याकाळी फळीवर तेच. सहा ओरखडलेले, एक स्वच्छ. दीपालीचा सगळ्यात वाईट. ती रडकुंडीला यायची. तिच्या नवऱ्याची उद्यमनगरातल्या फाउंड्रीतली नोकरी गेली होती, तो घरी होता, आणि सासू सुनेच्या पगाराची वाट बघत असूनही सून कामाला जाते याबद्दल नाक मुरडत होती. दोन्ही एकाच तोंडानं.

"मावशी, मी हळू करते हो," ती मला म्हणायची. "देवाशप्पत हळू करते."

"मला माहीत आहे गं."

"मग माझाच का?"

मला काय माहीत? मी मनातल्या मनात म्हणायचे, हात असतो एकेकीचा. खोटं कशाला सांगू, म्हणायला बरं वाटायचं. त्या सहा वर्षांत माझ्यात काही जास्त आहे असं कुणी म्हटलं नव्हतं. शुक्रवारी जेवणानंतर बायका एकमेकींना हळदकुंकू लावायच्या, तेव्हा मी डबे धुवायला उठायचे. ऊठ असं कुणी म्हणायचं नाही. मीच उठायचे. सातही डबे धुवायचे. त्यामुळे माझे डबे धुणं सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

खंडेनवमीच्या आधीची गोष्ट. जमादार साहेबांनी सगळ्यांना पाच नंबरभोवती उभं केलं.

"ताई, तुम्ही करून दाखवा. बाकीच्यांनी नीट बघा. ताईंचे हात बघा. फक्त हात."

मी सेक्शन उचलला, पुसला, कागद घातला, दुसरा त्यावर ठेवला. सहाजणी टक लावून बघत होत्या. मला लग्नातल्यासारखं वाटलं.

"आता दीपालीताई, तुम्ही करा. इथेच."

त्या वेळी प्रेस बंद होता, साचा बदलत होते. करवतही थांबली होती. एरवी त्या शेडमध्ये शेजारणीशी बोलायचं तर ओरडावं लागायचं. दीपालीनं डावा पाय पुढे टाकला, सेक्शन उचलला, माझ्यासारखाच पुसला आणि कागद सरळ करायला पलीकडे वाकली.

छन्न.

तिचा हिरवा चुडा हातमोज्याच्या वर, कोपरापर्यंत भरलेला होता. तो घसरला आणि धातूवर टेकला. तिनं हात मागे घेतला. पुन्हा छन्न, आता जरा लांब.

कुणालाही त्यात काही वाटलं नाही. बायका आहेत म्हटल्यावर तो आवाज असतोच. मला मात्र एकदम कळलं, की मी केलं तेव्हा आवाज झाला नव्हता. माझ्या टेबलावर आवाज होतच नाही.

मी मान वर केली. जमादार साहेब दीपालीकडे बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. जमिनीकडे बघत होते.

दुपारी मी त्यांच्या काचेच्या खोलीत गेले.

"साहेब, ते ओरखडे बांगड्यांचे आहेत."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "हो."

"हो म्हणजे?"

"मला चार-पाच दिवसांपूर्वी कळलं. ओरखड्यांमधलं अंतर बघितलं, मग आमच्या अम्मीच्या बांगड्या बघितल्या."

"मग बोलला का नाही?"

"काय बोलू, ताई?" ते हसले, पण ते हसणं नीट जमलं नाही. "अल्ताफ जमादारनं सहा सवाष्णींना बांगड्या काढायला सांगितल्या. संध्याकाळी गेटवर अर्धा तालुका उभा राहील. आणि मालकांना सांगितलं तर ते नोटीस लावतील. बायका काढणार नाहीत. त्यांना तेवढंच हवंय, यंत्र घ्यायला."

ते खरं होतं.

"म्हणून मला मध्ये उभं केलंत. फक्त हात बघा म्हणालात. बघून त्यांचं त्यांना कळेल म्हणून."

त्यांनी समोरचे कागद उगाच एकावर एक रचले.

"पहिल्या दिवशी म्हणालात, हात चांगला आहे."

"तेव्हा मला माहीत नव्हतं. तेव्हा मला खरंच हात वाटला."

"आणि नंतर रोज म्हणालात ते?"

"हात चांगलाच आहे तुमचा."

"साहेब."

त्यांनी टोपण काढलं, पुन्हा लावलं. "मोकळा आहे," ते म्हणाले. मग उभे राहिले. "माफ करा, ताई. चुकलं माझं."

आता वाटतं, त्यांना माफ करायला मला फार वेळ लागला नाही. त्यांनी मला फसवलं नव्हतं, मीच फसायला आनंदानं तयार होते. नवरा गेला तेव्हा न्हाणीच्या दगडावर माझे हात धरून बायकांनी जे करायचं ते केलं होतं. पॅकिंगमधलं माझं सगळं कसब तिथलं होतं.

"मी सांगते त्यांना," मी म्हणाले.

"तुम्ही नका. बाकी कुणीही सांगितलेलं चालेल, पण तुम्ही..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मिरजेच्या माणसालाही कळत होतं, की विधवेनं सवाष्णींना बांगड्या उतरवा म्हणायचं नसतं.

"बाकी कोण आहे?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी सांगितलं. सरळच सांगितलं, कारण फिरवून सांगायचं म्हटलं तरी ती गोष्ट फिरत नव्हती.

"ओरखडे बांगड्यांनी पडतायत. वाकलं की त्या घासतात. माझ्या हातात नाहीत म्हणून माझा माल स्वच्छ. दुसरं काही नाही त्यात."

दीपालीनं दोन्ही हात पदराखाली घेतले. बाकीच्या आक्काताईंकडे बघायला लागल्या. आक्काताईंनी भाकरीचा तुकडा मोडला, तो खाल्ला नाही.

"मग काय करायचं म्हनतीस?"

"मी काही म्हणत नाही. काय आहे ते सांगितलं."

"न्हाई, म्हन की. उतरवा म्हन." त्यांचा आवाज चढला नव्हता. "जिची उतरली तिनं दुसरीची उतरवायला निघू ने, शालन. एवढं तरी कळावं मानसाला."

कुणीतरी हळूच "आक्का" म्हणालं.

"मी खोटं बोलली का?"

"नाही," मी म्हणाले.

"कामापुरत्या काढून ठेवल्या तर?" एकजण म्हणाली.

"काच हाय ती. हातमोजा हाय व्हय, काढला, घातला? निम्म्या वाढतील काढताना." बांगडी फुटली असं आक्काताई मेल्या तरी म्हणाल्या नसत्या. वाढली म्हणायच्या. "प्लास्टिकच्या घालशील? सोन्याच्या असत्या तर हितं आलो असतो का?"

"माझी सासू मला घरात घ्यायची नाही," दीपाली म्हणाली. "आधीच म्हणते, तू आल्यापासून त्याची नोकरी गेली. मोकळ्या हातानं दारात उभी राहिले तर..." ती माझ्याकडे बघून गप्प झाली.

"बोल गं," मी म्हणाले. "मला माहीत आहे मोकळा हात कसा दिसतो ते."

मी डबे गोळा करायला उठले. आक्काताईंनी आपला डबा दिला नाही. झाकण लावून पिशवीत टाकला, खरकट्यासकट. मग बाकीच्यांनीही तसंच केलं. त्या दिवशी मी फक्त माझा डबा धुतला. तेवढ्याला काहीच वेळ लागला नाही, उरलेली सुट्टी नळापाशीच उभी राहिले.

दुपारची पाळी बघण्यासारखी होती. कुणी माझ्याशी बोलत नव्हतं, पण सगळ्यांच्या डोक्यात तेच होतं. एकीनं बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, त्या दोन मिनिटांत खाली आल्या. एकीनं रबर लावलं, ते तुटलं. दीपाली तर हात वर करून काम करत होती, पोलिसांनी धरल्यासारखी. आक्काताईंनी काहीच केलं नाही. त्या नेहमीसारख्याच वाकत होत्या, मुद्दाम, आणि माझ्या टेबलापर्यंत ऐकू जाईल असा आवाज करत होत्या. करवत चालू असतानाही मला तो ऐकू येत होता. त्याआधी कधी आला नव्हता.

घरी जाताना बसमध्ये माझ्या शेजारची जागा मोकळी राहिली. मी हिशेब केला, की यंत्र आलं तर सातजणी घरी बसतील, नाही आलं तर सहाजणी आपसात बोलतील आणि मी एकटी राहीन. दोन्हींतलं बरं कोणतं ते मला ठरवता आलं नाही.

सकाळी आक्काताई माझ्याआधी येऊन बसल्या होत्या. त्यांच्या टेबलावर एक पिशवी होती. त्यातून त्यांनी पांढरा, निळ्या पट्ट्यांचा शाळेचा पायमोजा काढला. त्याचं बोटांकडचं टोक कापलेलं होतं. मोजा हातात घातला, बांगड्यांवरून कोपरापर्यंत वर ओढला, आणि हात झटकला. आवाज नाही.

"माझ्या नातवाचं हाय," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "आज पोरगं अनवानी बूट घालून गेलंय शाळंला. दोन माझ्या शेजारच्या पोरीचं. बाकीचं गल्लीतनं मागून आनलं. धुतल्यात, नाकं मुरडू नका."

बायका हसत सुटल्या. एकेक जण जोडी उचलायला लागली. कुणाला पिवळे मिळाले, कुणाला भोकं पडलेले. दीपालीला तर चुड्यामुळे एकेका हाताला दोन-दोन लागले. तिनं ते घातले, सेक्शन उचलला, वाकली, परत सरळ झाली, आणि काही न होता रडायला लागली.

मी माझ्या टेबलापाशी कागद कापत होते. आक्काताई आल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"काल घरी परातीच्या पाठीवर घासून बघितलं. खरं हाय तुझं."

"बरं," मी म्हणाले.

त्यांनी माझ्यापुढे एक जोडी टाकली. काळे होते, नवे होते. मागून आणलेले वाटत नव्हते.

"मला कशाला?" मी म्हणाले. "माझ्या हातात काय आहे झाकायला?"

"म्हनूनच घाल."

"म्हणजे?"

"अगं, सगळ्यांनी घातलं की कुनाच्या हातात काय हाय नि काय न्हाई, कुनाला दिसतंय?" त्या वैतागून म्हणाल्या. "सगळं इस्कटून सांगाय लागतंय हिला. घाल."

मी घातले. कोपरापर्यंत ओढले. सात टेबलांवर चौदा हात, सगळे एकसारखे बोजड, शाळेत निघालेल्या पायांसारखे.

जमादार साहेब दहा वाजता फिरत आले. दारात थांबले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं, आणि परत गेले. खोलीत जाऊन त्यांनी काचेकडे पाठ केली. ते हसत होते की काय करत होते ते पाठीवरून कळलं नाही.

दसऱ्यानंतरचा ट्रक गेला आणि परत आला नाही. यंत्रवाले पुन्हा आले, चहा पिऊन गेले. कंपनीनं इचलकरंजीहून निळ्या होजियरीच्या बाह्या शिवून आणल्या, प्रत्येकीला दोन जोड. मालक पाहुण्यांना शेडमध्ये आणून दाखवायचे, "ही आमच्या लेडीजची आयडिया." आयडिया म्हटलं की आक्काताई पाहुण्यांना नमस्कार करायच्या, आणि पाहुणे गेले की म्हणायच्या, "नातवाचं मोजं कोन देनार पर?"

स्क्रॅप उतरल्यावर जमादार साहेबांना हुरूप आला. त्यांनी शेडमध्ये फळा लावला. आता आडवे ओरखडे नव्हते, तेव्हा बाकीचं मोजायचं ठरलं: कुणाचा कागद फाटतो, कुणाचं टोक चेपतं, कुणाच्या गठ्ठ्यात वाकडा सेक्शन राहतो. महिनाअखेरीला टेबलांचे नंबर लागले. ते खडूनं लिहीत होते आणि आम्ही मागे उभ्या होतो.

पहिली दीपाली. तिनं पाठमोऱ्या साहेबांना वाकून नमस्कारच करायचा बाकी ठेवला होता. दुसरी, तिसरी. मग साहेबांचा हात जरा थांबला. चौथं, पाच नंबरचं टेबल.

"ताई, फार फरक नाही," ते वळून म्हणाले. "अगदी थोडक्यात..."

"असू दे की, साहेब."

"शालन चौथी?" आक्काताईंनी पुढे होऊन फळा बघितला. मग मला आपादमस्तक बघितलं. "आता कळलं. हातात काय नव्हतं म्हनून एवढं नाव झालं. हातालाबी काय नव्हतं की गं बये तुझ्या!"

साहेब फळ्याकडे वळले आणि जिथे काहीच लिहिलेलं नव्हतं तिथे पुसायला लागले. दीपालीनं तोंडावर हात ठेवला. नवरा गेल्यापासून माझ्यासमोर बायका बांगडी हा शब्दसुद्धा आवाज खाली आणून उच्चारायच्या. माझी थट्टा अशी कुणी केलीच नव्हती. आक्काताई सरळ माझ्याकडे बघत उभ्या होत्या, हात कमरेवर, वाट बघत.

"चौथी तर चौथी," मी म्हणाले. "तुमची कितवी?"

त्यांनी कमरेवरचे हात खाली घेतले.

"सातवी," दीपाली पदराआडून म्हणाली, आणि मग कुणालाच आवरेना. आक्काताईंनाही.